इंजिनातलं कुंभारणीचं घर

चौकच्या रस्त्याने गवताचे ट्रक जायला लागले की माझं कशात लक्ष लागत नाही. ट्रक दिसायच्या आधी वास येतो. उन्हात वाळलेल्या गवताचा, थोडा गोडसर, नाकाला हुळहुळणारा. मग तो ढीग डुलत डुलत येतो, रस्त्याकडेच्या झाडांना घासतो, आणि ट्रक लांब गेला तरी फांद्यांवर गवताच्या बटा लोंबत राहतात. मी अंगण झाडत असले तर केरसुणी तशीच हातात राहते. चुलीवर भात असला तर तो खाली लागतो. हे म्हणतात, "आलं तुझं गवत." करपलेला भात बाजूला सारून बाकीचा जेवतात.

दिवाळी झालेली असते. भात कापून खळ्यावर आलेलं असतं. इर्शाळगडाच्या पायथ्यापासून खालपर्यंत सगळा माळ पिवळा झालेला असतो आणि त्यात वाकलेली माणसं विळ्याने गवत कापत असतात. या दिवसांत कुसळांचा फार जाच. कुसळ डोळ्याला दिसत नाही. चालताना पोटरीला टोचतं, बसलं की मांडीला टोचतं, काढायला जावं तर तिथे नसतं. लुगड्याच्या विणीत शिरलं की ते पुढे पुढेच सरकतं, मागे येत नाही. ज्या वर्षी एक जुनी फटफटी आमच्या दारात आली, त्या वर्षी गवताचे दिवस असेच गेले. बसलं तरी टोचत होतं, उठलं तरी टोचत होतं.

लग्नाला तीन वर्षं झाली होती. माझं माहेर कोंडाण्याच्या लेण्यांच्या खालच्या अंगाला, सासर चौकपासून चालत जाण्याच्या अंतरावर. घरात आम्ही तिघंच. हे, मी आणि माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची. हे चौकला एका गॅरेजात कामाला होते. त्या पावसाळ्यात मालकाने गॅरेज बंद केलं आणि तो पनवेलला गेला. रस्त्याकडेची शेड तशीच उघडी पडली. ह्यांच्या चुलतभावाचा मुंबईहून निरोप आला, आमच्या कारखान्यात माणसं घेतात, गवताचे दिवस संपायच्या आत ये.

आमच्या गावातून मुंबईला गेलेले बरेच होते. शिमग्याला यायचे, गणपतीला यायचे. येताना बायकोला चप्पल आणायचे. त्या बायका ती चप्पल घालून विहिरीवर यायच्या आणि सगळ्याजणी चप्पल बघायच्या. मीही बघायची. पण मला त्या चपलेची भीती वाटायची.

जाऊ नका, असं मी ह्यांना म्हणू शकत नव्हते. तसं बोलायची रीत नव्हती असं नाही. शेजारची काशी नवऱ्याला सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोलायची. माझ्याच तोंडातून शब्द निघायचा नाही. लहानपणी शाळेत चौथीपर्यंत होते, तिथेही उत्तर येत असलं तरी हात वर करायची नाही. मनात वाक्य तयार असायचं. ते ओठापर्यंत यायचं आणि मी पाणी भरायला उठायची.

त्याच दिवसांत ती फटफटी आमच्या दारात आली. दहिवलीचे ह्यांचे मामा पलटणीत ड्रायव्हर होते, त्यांची ती जुनी विलायती गाडी. मामा वारल्यावर ती काही पावसाळे गोठ्यात म्हशीच्या शेजारी उभी होती. मामी म्हणाली, मला अडचण होते, घेऊन जा. ह्यांनी ओळखीच्या ट्रकवाल्याला गाठलं आणि गाडी गवताच्या ढिगावर आडवी घालून आणली. खाली उतरवली तेव्हा तिच्या चाकांत, तारांत, सीटमध्ये सगळीकडे गवत भरलेलं. आत्याबाई म्हणाल्या, "ही दूध किती देती?"

हे हसले नाहीत. गाडीभोवती एक फेरी मारली, टाकीवर हात फिरवला आणि म्हणाले, "आई, ही चालू झाली तर मी ती शेड घेतो आन इथंच काम टाकतो. नाय झाली तर मुंबई. आपल्या दारातली गाडी ज्याला चालू करता येत नाय, त्यानं लोकांच्या गाड्यांना हात लावू नये."

मी दारामागे उभी होते. त्या दिवसापासून गाडीकडे बघितल्याशिवाय मला घास जायचा नाही.

सकाळी हे रस्त्यावर जायचे, बंद पडलेल्या ट्रकवाल्यांची किरकोळ कामं करायचे आणि दुपारी घरी येऊन गाडी उघडायचे. एकेक भाग निघत गेला. गोणपाटावर ते ओळीने मांडून ठेवायचे आणि मी कोंबड्या हाकलत बसायची. सगळं निघालं आणि एका जागी येऊन काम अडलं.

इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देतो तो कार्बोरेटर. तो इंजिनाच्या पाठीला दोन नटांनी बसवलेला. बाहेरचा नट निघाला. आतला नट इंजिन आणि सीटखालचा दांडा यांच्या मधल्या खाचेत. वरून बघितलं तर दिसतो, पण पाना जात नाही. खालून पाना जातो, पण मग नट दिसत नाही. पाना बसला तरी फिरायला जागा नाही. जरासा फिरला की दांड्याला अडतो. मग काढायचा, उलटा करायचा, परत लावायचा. ह्यांच्या हाताचा पंजा रुंद. मनगटापाशी अडकायचा आणि सालपटं काढून बाहेर यायचा. इंजिनच खाली उतरवलं असतं तर सोपं झालं असतं, पण ते धरून ठेवणारे बोल्ट इतके गंजले होते की तुटले तर दुसरे कुठून आणणार.

ह्यांनी एक जुना पाना चुलीत तापवून वाकवला, दगडावर घासून बारीक केला. त्याच्यामुळे काम होणार असं वाटलं. तेवढ्यात तो पानाच हातातून सुटून खाचेत पडला. ह्यांनी गाडी हलवली, तारेचा आकडा घातला, काही होईना. मग ते तोंड फिरवून विडी पेटवायला गेले.

मी हातातल्या बांगड्या कोपराकडे सारल्या, वरून फडकं बांधलं आणि हात आत घातला. पाना लागला. दोन बोटांत धरून बाहेर काढला आणि गोणपाटावर ठेवला.

हे परत आले. पान्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. लग्न झाल्यापासून त्यांनी माझ्या हाताकडे असं बघितलं नव्हतं.

"परत घाल बघू."

मी घातला.

"काय लागतं हाताला?"

"गार लागतं."

"अगं लोखंड हाय, गारच लागंल. आकार सांग."

"सहा कोपरे हायत. एक झिजलाय."

ते हळूच म्हणाले, "तोच त्यो."

माहेरी आमच्या शेळ्या होत्या. करडू अडलं की बा मला हाक मारायचा, कारण माझा हात लहान. आत बघता येत नाही. पाय कुठला, मान कुठली, हे बोटांनीच ओळखायचं आणि घाई करायची नाही. नटाचंही तसंच होतं. पाना लावायचा, बसला की बोटाला कळायचं. जरासा फिरवायचा, काढायचा, उलटा लावायचा. ह्यांनी नटावर रॉकेल सोडून ठेवलं होतं, तरी तो जागचा हलेना. आत्याबाई ओटीवर पेरायचे वाल निवडत बसलेल्या. म्हणाल्या, "बायकोला घाल इंजिनात. उद्या तिलाच लाथ मारून चालू कर."

"आई, तू वाल निवड."

"वालच निवडते. खडे मला घरातच दिसतायत."

किती दुपारी गेल्या ते मी मोजलं नाही. बाहेरून गवताचे ट्रक जात राहायचे. प्रत्येक ट्रक गेला की वाटायचं, माळावरचं गवत तेवढं कमी झालं. मी विहिरीवर जायची तेव्हा माळाकडे बघायची. आधी कापलेल्या जागा पिवळ्यात पडलेल्या ठिगळासारख्या दिसायच्या. मग पिवळंच ठिगळ दिसायला लागलं. रात्री अंथरुणावर पडले तरी माझी बोटं अंगठ्याशी फिरत राहायची, जरासं पुढे, मग उलटं, मग जरासं पुढे.

एका दुपारी नट सुटला. आवाज काही झाला नाही. बोटाला तेवढं कळलं. पान्याला वंगण लावलं होतं, त्याला चिकटून तो बाहेर आला. मी तो ह्यांच्या तळहातावर ठेवला. ह्यांनी मूठ मिटली आणि बराच वेळ उघडलीच नाही.

कार्बोरेटर निघाला. ह्यांनी त्याच्यामागच्या, इंजिनात जाणाऱ्या भोकात बॅटरी मारून बघितलं.

"च्यायला. माती."

गोठ्यात उभी असताना एक्सिलेटरची तार ओढलेलीच अडकून राहिली होती. तेवढ्या उघड्या फटीतून कुंभारीण माशी आत शिरली होती आणि तिने इंजिनाच्या नरड्यात मातीचं घर बांधलं होतं. म्हणून गाडी हवा ओढत नव्हती. ह्यांनी स्क्रू ड्रायव्हर उचलला.

"हात लावू नको, सदा." आत्याबाई ओटीवरून उठल्या. वालाचं सूप कलंडलं, तरी त्यांनी बघितलं नाही. "कुंभारणीचं घर मोडत नाय. ती जिथं घर करती तिथं पाळणा हलतो. तीन वर्षं झाली, दिसतंय ना तुला?"

"आई, ते इंजिन हाय. देव्हारा नाय."

"आसंल. घर आपल्या दारात निघालंय."

"तिनं दहिवलीला केलंय ते. मामाच्या गोठ्यात."

"मामी साठीची हाय. तिला काय करायचाय पाळणा? म्हणजे ते आपलंच."

ह्यांनी स्क्रू ड्रायव्हर भिरकावून दिला. तो गोठ्याच्या कुडावर आपटला. "मंगळवारी मी मुंबईला निघतो. तुमी बांधा पाळणा." असं म्हणून चौकच्या दिशेने निघून गेले.

आत्याबाई गाडीपाशी पायरीवर बसल्या, राखण करत असल्यासारख्या. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण येत नव्हता. पाळणा मलाही हवा होता. विहिरीवर बायका विचारायच्या, काय गं, अजून नाय? आत्याबाईंनी मात्र मला कधी तसं विचारलं नव्हतं, कधी टोचलं नव्हतं. त्यांच्या मनात एवढं साठलेलं होतं हे मला त्या मातीमुळे कळलं. मी दोघांच्या मध्ये उभी होते आणि दोघांपैकी कुणालाही काही म्हणू शकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. तिच्यावरची धूळ झटकली तेव्हा मला राहवेना. मी जाऊन गाडीशी बसले आणि करंगळी आत घातली. पुढे वळण होतं, तिथे बॅटरीचा उजेड पोचत नव्हता. बोट वळणापाशी गेलं. गुळगुळीत माती लागली, बोराएवढे दोन उंचवटे, आणि दोन्हींना गोल भोकं.

"भोकं हायत," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "पिल्लं उडून गेलीत, आत्याबाई."

"तुला कसं दिसलं?"

"बोटाला लागली."

आत्याबाईंनी आपलं बोट घालून बघितलं. त्यांची पेरं जाडजूड, पहिल्याच सांध्याला अडकलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग मी ह्यांच्याकडे वळले. मान खालीच होती, ट्रंकेच्या कडीशी बोलत असल्यासारखी मी बोलले.

"मोडून काढली तर माती आत जाईल. तुमीच म्हणाला होता, आत कचरा गेला तर सगळं घासून जातं."

ह्यांनी ट्रंक खाली ठेवली. "मंग?"

"आख्खं काढूया."

"निघंल?"

"बघते."

आत्याबाई म्हणाल्या, "आख्खं निघत असंल तर काढा." आणि कालचे सांडलेले वाल वेचायला बसल्या.

बांबूची कामटी तासून पातळ केली, दिव्यावर धरून टोकाला वाकवली. तिला खोबरेल लावलं. एका हाताची करंगळी घराच्या वरून पलीकडे न्यायची, आधाराला ठेवायची, म्हणजे सुटलं तर ते आत न जाता बोटावर येईल. दुसऱ्या हाताने कामटी माती आणि लोखंड यांच्या मधून सरकवायची. दाबायचं नाही. सरकवायची आणि थांबायचं. हे शेजारी उकिडवे बसलेले. मधूनच म्हणायचे, "हळू." मी हळूच करत होते. पण त्यांनी म्हटलं की बरं वाटायचं. असं शेजारी बसून ते माझ्याशी इतका वेळ कधी बोलले नव्हते. बोलणं काय, 'हळू' आणि 'आस्तं' एवढंच.

घर निघालं तेव्हा उन्हं कलली होती. करंगळीवर बसून ते बाहेर आलं, आख्खं. लालसर माती, कडेने कुंभाराच्या बोटांनी उमटाव्यात तशा रेघा. आत्याबाईंनी पदर पसरला. त्यात ठेवलं तेव्हा आम्हा तिघांनाही दिसलं, घरं दोन नव्हती, तीन होती. तिसरं खालच्या अंगाला, लोखंडाला चिकटलेलं, माझं बोट पोचलं नव्हतं तिथे. ते बंद होतं.

आत्याबाईंनी ते कोनाड्यात नेऊन ठेवलं, जिथे सकाळी कोवळं ऊन येतं.

गाडी जोडायला थोडे दिवस गेले. माळावर एक पट्टा उरला होता. ज्या दुपारी ह्यांनी किक मारायला सुरुवात केली, त्या दुपारी मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसले. किक, मग शांतता. किक, मग शिवी. किक. मग असा आवाज झाला की कोंबड्या कुडावरून पलीकडे गेल्या. मी राखेच्या हातांनी बाहेर आले. धूर झाला होता आणि धुरात हे दिसत होते. ते गाडीवर बसले आणि रस्त्याला लागले.

चहा केला, तो गार झाला. परत ठेवला. मी दारात जायची, आत यायची. आवाज आला वाटून बाहेर जावं तर घाटाकडे जाणारा ट्रक असायचा. ज्या गाडीमुळे हे राहणार होते, तीच त्यांना घेऊन गेली असं वाटायला लागलं. आत्याबाई म्हणाल्या, "फटफटीवरच मुंबईला गेला काय गं?" म्हणताना हसल्या, पण त्याही उंबऱ्यावरून हलल्या नव्हत्या.

दिवेलागणीला ते आले. डोक्यात गवत, सदऱ्यात कुसळं, चेहरा धुळीने लाल. दहिवलीला जाऊन मामीला गाडी दाखवून आले होते. "मामी रडली," एवढं म्हणाले आणि ट्रंक उचलून परत माळ्यावर ठेवली.

शेड घेतली. तिथे आता पत्रे नवे आहेत, पाटी आहे. मुंबई-पुण्याच्या रस्त्याने जाणारे लोक थांबतात. एखाद्या जुन्या गाडीचा एखादा नट कुणाच्या हाताला येत नसला की हे गिऱ्हाइकाला म्हणतात, "ही घरी न्यायला लागंल. इथं नाय उघडणार." गिऱ्हाईक विचारतं, घरी काय मोठं मशीन आहे का? हे म्हणतात, "हाय एक." आणि मग गाडी मागच्या अंगणात येते, मी बांगड्या वर सारून फडकं बांधते.

पाळणा हलला नाही. पहिली काही वर्षं मी रोज कोनाड्यात बघायची, तिसरं घर उघडलं का. उघडलं नाही. एकदा सारवताना मीच म्हटलं, टाकू का आता हे? आत्याबाई तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या. म्हणाल्या, "आसू दे गं. मेहनतीनं केलंय तिनं." त्या गेल्या त्यालाही आता बरेच दिवस झाले. घर आहे तिथेच आहे. आत काय आहे ते मी कधी फोडून बघितलं नाही. ह्यांनी एकदा विचारलं, बघायचं का? मी नको म्हटलं.

यंदाच्या गवताच्या दिवसांत खोपोलीची एक जुनी गाडी आली. तसलीच, तोच नट. हे म्हणाले, घरी न्यायला लागंल. मी फडकं बांधलं आणि हात घातला. बोटांच्या सांध्यापाशी अडला. माझी पेरं आता आत्याबाईंसारखी सुजतात, थंडीत जास्त. खोबरेल लावून परत घातला. परत अडला. तिसऱ्यांदा घालायला गेले तेव्हा ह्यांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे. मी इंजिन उतरवतो."

ते दिवसभर बोल्ट काढत होते. मी जवळ बसून एकेक बोल्ट गोणपाटावर ओळीने ठेवत होते, आणि माझी बोटं रिकामी असूनही अंगठ्याशी फिरत होती. बाहेरून ट्रक गेला. वास आला. ह्यांनी मान वर केली.

"त्या टायमाला मी गेलो असतो मुंबईला," ते म्हणाले. "ट्रंक काढली होती. तू एकदा तरी म्हणालीस का, जाऊ नका म्हणून?"

"म्हणाले की."

"कवा?"

समोर उघड्या पडलेल्या इंजिनावर तो आतला नट आता दिसत होता, सहा कोपऱ्यांचा, दिवसाच्या उजेडात अगदी साधा. मी हात पुढे करून त्यावर बोट ठेवलं.

हे त्या बोटाकडे बघत राहिले. मग हातातला पाना त्यांनी माझ्याकडे दिला.

"घे. तूच काढ."